पहारेकरी जागा आहे काय?

मुरबाड तालुक्यातील धसई २०१६ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजविण्यात आले. दुकानदारांच्या हाती यंत्रे आली. त्यांमागील जाळ्याच्या राखणीचा हिशेब कोणी मागितला? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपये असेच जाळ्यातून लुटले गेले.

घुसखोरी टिपणारा संवेदक गप्प आहे, म्हणून चोर आला नाही असे नव्हे. संवेदकच बंद असेल, किंवा वाढत्या वर्दळीत निम्मे संदेश न तपासताच सुटत असतील. मुद्दाम खोटी घुसखोरी घडवून तो जागा आहे की नाही हे रोज पाहता येते. पण त्याने नफा वाढत नाही! या चाचण्यांचा निकाल बँकांनी खातेदारांपुढे ठेवावा. रोकड सोडायला सांगताना गावाला विश्वास मागितला होता, तारण काहीच दिले नव्हते.