कडपा उचलावा की राहू द्यावा?

हिवाळ्यात आमच्या गोंदिया जिल्ह्यावर आभाळ भरून आले की गावोगावी एकच प्रश्न कानी पडतो, ‘पाणी येते का जी?’ पुण्या-मुंबईच्या माणसाला थंडीतले ढग म्हणजे भजी तळण्याचे निमित्त वाटेल. आमच्याकडे त्या दिवसांत वर्षाची कमाई उघड्यावर पडलेली असते. कापलेले धान बांधीतच पसरून वाळत ठेवतात, त्याला कडपा म्हणतात. दोन-चार दिवस ऊन मिळाले की भारे बांधायचे, पुंजणे रचायचे आणि मग मळणी. या मधल्या दिवसांत पाऊस आला, तर दाणा काळवंडतो आणि ओल फार दिवस राहिली तर ओंबीतच कोंब फुटतात. सरकारी खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. म्हणजे पीक हाती येऊनही ते विकले जाईल याची खात्री नाही.

मी निवृत्त शिक्षक. हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा मला जुना नाद. अंगणात पर्जन्यमापक आणि कमाल-किमान तापमापी आहे, शेजारी एक वही. जिल्ह्यात असाच नाद असलेले आणखी चार-पाच मित्र आहेत. सकाळी साडेआठला आम्ही आपापली मापे वाचतो, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठलाच बदलतो. वेळ एक नसेल, तर देवरीचा आकडा तिरोड्याच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. वाचक म्हणतील, या उठाठेवीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो डिसेंबर २०२३ च्या एका वादळाच्या आधारे सांगतो.

बंगालच्या उपसागरात ‘मिचाँग’ नावाचे चक्रीवादळ तयार झाले. ३ आणि ४ डिसेंबरला त्याने चेन्नई बुडवली आणि ५ डिसेंबरच्या दुपारी ते आंध्रात बापटल्याजवळ किनाऱ्यावर चढले. नकाशा उघडून पाहा. बापटला आणि गोंदिया जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, पण मध्ये सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर. त्यामुळे अनेकांना वाटले, वादळ आंध्रात, आपले काय जाते? शिवाय जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो, हेही सगळ्यांना ठाऊक.

पहिला धडा इथेच आहे. जोर ओसरतो तो वाऱ्याचा. ढगांत भरलेले पाणी कुठे जाणार? वादळाचा मध्य हा नकाशावरचा एक ठिपका, पण त्याचे आभाळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते. मिचाँग विरत विरत तेलंगणाच्या ईशान्येकडे आणि दक्षिण छत्तीसगडकडे सरकले आणि पूर्व विदर्भात पाऊस झाला. ज्यांचे उशिराच्या जातीचे धान बांधीत होते, ज्यांची पोती केंद्राच्या आवारात उघड्यावर होती, त्यांच्या दृष्टीने ‘विरलेले’ वादळ हेच खरे वादळ होते.

दुसरा धडा, आभाळ आधी सांगते, पण एका खुणेने नव्हे. गोंदिया हे विदर्भातले थंडीचे गाव. डिसेंबरात इथला पारा बहुधा नागपूरहूनही खाली असतो. अशा दिवसांत रात्रीचे तापमान एकाएकी चढले आणि दिवसाचे उतरले, म्हणजे दोहोंतले अंतर आक्रसले, तर समजावे की ढगांनी गोधडी पांघरली आहे. मग वारा पाहावा. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाचा एक नियम शाळकरी मुलालाही जमेल. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असते. पूर्वेचा वारा पाठीवर घेतला की तोंड पश्चिमेला आणि डावा हात दक्षिणेला, आंध्राच्या दिशेला! पण वारा एकटा फसवू शकतो, ढगही फसवू शकतात. पारा, वारा, ढग आणि खात्याचे पत्रक असे चौघेही एकच बोलू लागले, म्हणजे मात्र कान टवकारावेत.

हौशी माणसाला हसू नये. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला ज्याने दिला, तो हेन्री पिडिंग्टन हवामान खात्याचा नोकर नव्हता. तेव्हा तसे खातेच नव्हते. व्यापारी जहाजावरचा हा माजी कप्तान कलकत्त्यात बसून जहाजांच्या रोजनिशा गोळा करी. कोणत्या दिवशी कुठे वारा कोणत्या दिशेचा होता, हे जुळवून त्याने वादळांच्या वाटा रेखाटल्या आणि १८४८ साली खलाशांसाठी पुस्तक लिहिले. सुंदरबनात कॅनिंग बंदर बांधू नका, वादळाची लाट ते गिळेल, असे त्याने १८५३ मध्ये सरकारला कळवले. कोणी ऐकले नाही. १८६७ च्या वादळात ते बंदर उद्ध्वस्त झाले. भारताचे हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ मध्ये, कलकत्त्याच्या १८६४ च्या प्रलयंकारी वादळानंतर. साध्या रोजनिशांची किंमत ही अशी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शेतकरी मला विचारतात, ‘गुरुजी, कडपा उचलू का राहू देऊ?’ यावर ‘पाऊस येणार’ किंवा ‘येणार नाही’ असे उत्तर देणारा ज्योतिषी असतो, हवामानाचा अभ्यासक नव्हे. अंदाज ही शक्यता असते, आणि तीही जिल्ह्याची. एका गावाच्या शिवाराची हमी त्यात नसते. म्हणून मी उलट प्रश्न विचारतो. उचललात आणि पाऊस आला नाही, तर काय जाईल? एका दिवसाची मजुरी, आणि अर्धवट वाळलेला धान पुंजण्यात तापण्याची भीती. राहू दिलात आणि पाऊस आला, तर काय जाईल? हंगाम. कोणाचा कडपा कालचा ओला, कोणाचा चार दिवस वाळलेला, कोणाकडे ताडपत्री, कोणाकडे मजूर. तेव्हा एकाच अंदाजावर दोन शेजाऱ्यांनी दोन निराळे निर्णय घेतले, तरी दोघेही शहाणे असू शकतात. खात्याचे रंगही हेच सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. पावसाच्या मापापेक्षा आपण काय करावे, याची ती भाषा आहे.

मात्र निर्णय एकट्या शेतकऱ्यावर ढकलून आपण मोकळे होता कामा नये. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही मोठीच गोष्ट. पण एका मंडळात कितीतरी गावे असतात आणि पाऊस गावाची शीव पाहून पडत नाही. २०२३ च्या विमा योजनेत कापणीनंतरच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. अशा वेळी आपल्या गावात किती पाणी पडले, हे सांगणारी एक रोजची वही असती, तर गाऱ्हाण्याला बळ आले असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. प्रत्येक शाळेच्या मैदानात, झाडा-भिंतींपासून दूर, एक पर्जन्यमापक असावा. मुलांनी साडेआठला आकडा वाचावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. एका एकरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी, हे गणित पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. हिवाळ्यापूर्वी गावाने मिळून ताडपत्र्या घेऊन ठेवाव्यात आणि खरेदी केंद्रांना छप्पर मिळावे. मिचाँग काही शेवटचे नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘मोंथा’ही आंध्राच्याच किनाऱ्यावर चढले. वादळ थांबवणे कोणाच्या हाती नाही. ते येण्याआधी कडप्यापाशी किती हात पोहोचतात, एवढे मात्र गावाच्या हाती आहे.