मुकुटाला शिव्या आणि मुलीला घर

'मिस टीन महाराष्ट्र' हा किताब महाराष्ट्र देत नाही. शासनाचा त्याच्याशी संबंध नाही, शिक्षण खात्याचा तर नाहीच नाही. खासगी आयोजक स्पर्धा भरवतात, नोंदणीचे आणि 'ग्रूमिंग'चे पैसे घेतात आणि तेरा ते एकोणीस वर्षांच्या एखाद्या मुलीच्या खांद्यावर राज्याच्या नावाचा पट्टा चढवतात. आयोजक जितके, तितके किताब. विजेत्यांत एखादे मुस्लिम नाव आले की आपल्यात लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, आपली मुलगी पुढे गेली. दुसरा म्हणतो, कौमची इज्जत गेली. माझे भांडण दोघांशीही आहे. ती मुलगी दहावीनंतर काय शिकणार, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

अभिमान बाळगणाऱ्यांनी जरा इतिहास पाहावा. नकी जहाँ 1967 साली मिस इंडिया झाली. तिची आई प्रमिला 1947 ची मिस इंडिया. झीनत अमान 1970 साली मिस एशिया पॅसिफिक झाली, नफिसा अली 1976 साली मिस इंडिया. म्हणजे मुस्लिम नावे या यादीत पन्नास वर्षांहून जुनी आहेत. त्यांच्यामुळे उर्दू शाळेतल्या किती मुलींचे शिक्षण वाढले? मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजी शिकलेल्या वर्तुळातून आलेल्या चार नावांवर कौमची तरक्की मोजणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपल्या शेताचे ओलीत सांगणे.

याच इतिहासातले एक नाव मात्र मी वर्गात आवर्जून सांगते. रीटा फारिया. गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. 1966 साली लंडनमध्ये ती मिस वर्ल्ड झाली. हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. तिने मुकुट वर्षभर सांभाळला, मग पुन्हा वैद्यकाचे शिक्षण हाती घेतले आणि डॉक्टर झाली. मुकुटाने तिला डॉक्टर केले नाही. कॉलेजचे दार तिच्यासाठी आधीच उघडे होते, म्हणून तिला परत जायला जागा होती. आपल्या मुलीला परत जायला जागा कुठे आहे?

स्पर्धावाले सांगतात, आम्ही केवळ रूप पाहत नाही, बुद्धीही पाहतो. मग 1992 आठवा. मिस युनिव्हर्स स्पर्धेत आपली मराठी मुलगी मधू सप्रे शेवटच्या तिघींत होती. देशाची सूत्रे हाती आली तर काय करशील, असा प्रश्न आला. ती स्वतः खेळाडू. तिने सांगितले, मी क्रीडा-मैदान उभारीन. त्या उत्तराने मुकुट हुकला, असे तेव्हापासून बोलले जाते. तिथे गरिबी हटवण्याची, जगात शांती आणण्याची पाठ केलेली वाक्ये चालतात. मुलीने आपल्या अनुभवातले सांगितले तर ते उथळ ठरते. ही बुद्धीची परीक्षा की पाठांतराची?

आता इज्जतवाल्यांकडे वळते. त्यांचा सारा आक्षेप कपड्यांवर असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या स्पर्धेत 2016 साली हलिमा एडन ही एकोणीस वर्षांची सोमाली वंशाची मुलगी हिजाब घालून उतरली, पोहण्याच्या पोशाखाच्या फेरीत बुर्किनी घातली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. म्हणजे कपड्यांचा प्रश्न सुटला. पुढे ती नामवंत मॉडेल झाली. पण 2020 साली तिनेच तो व्यवसाय सोडला आणि या वाटेवर आपल्या श्रद्धेला मुरड घालावी लागत होती, असे उघड सांगितले. डोके झाकले तरी मुलगी पाहण्याची वस्तूच राहिली, तर झाकून काय साधले?

आणि वस्तू म्हणून पाहण्याचा धंदा काय फक्त मंचावर चालतो? रिश्त्यासाठी मुलगी पाहायला येणाऱ्या बायका काय करतात? रंग पाहतात, उंची पाहतात, चालवून पाहतात, दुपट्टा सरकवून केस पाहतात. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, उंच, सडपातळ' लिहिणारे आपणच ना? ही स्पर्धा गल्लोगल्ली चालते. परीक्षक समोसे खाऊन, चहा पिऊन जातात आणि निकालही कळवत नाहीत. नाकारलेल्या मुलीला तिथे उपविजेतेपदही नसते. या बेइज्जतीविरुद्ध एकाही जलशात तकरीर झालेली मी ऐकली नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. 'ग्रूमिंग'च्या नावाखाली विकले जाते काय? ताठ चालणे, अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देऊन बोलणे, प्रश्नाला न घाबरता उत्तर देणे. हे तर शाळेने फुकट द्यायला हवे होते! मी उर्दू शाळेत शिकवते. सहावीतली जी मुलगी नज्म म्हणताना छत दणाणून सोडते, तीच आठवीत हळू बोलू लागते, कारण घरी तिला हळू बोलायला शिकवलेले असते. अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा लांब, वाट असुरक्षित, म्हणून नाव कमी. बाजार तेरा ते एकोणीस हे वय हेरतो, आणि आपणही नेमक्या त्याच वयात मुलीला घरी बसवतो.

हे वर्ध्यात घडावे याची मला अधिक लाज वाटते. 1937 साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. हाताला काम आणि डोक्याला विचार देणारे शिक्षण त्यांनी मांडले. त्यात मुलगी वगळलेली नव्हती. पिपरी मेघेपासून सावंगी आणि सेवाग्राम ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. ऑटोने जाता येते. पण आठवीत नाव कमी झालेली मुलगी तिथे पोहोचलीच, तर रुग्ण म्हणून पोहोचते.

तेव्हा स्पर्धेवर बंदीची निवेदने देणाऱ्यांना माझे सांगणे आहे, आधी हिशेब द्या. जमातीच्या पैशातून मुलींच्या शाळेसाठी एखादी गाडी लावली का? उर्दू शाळेला नववी-दहावीचे वर्ग मिळावेत म्हणून जिल्हा परिषदेत किती वेळा गेलात? मुलींची वक्तृत्व स्पर्धा मोहल्ल्यात कधी भरवली, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या अब्बांना बसवले का? हे केले असेल तर खुशाल बोला. केले नसेल, तर मुकुट विकणारा आणि तुम्ही एकाच मुलीचे दोन ग्राहक आहात.

आणि मधू सप्रेचे उत्तर? माझ्या वर्गात त्याला पैकीच्या पैकी गुण आहेत. मुलींना मैदान हवे आहे. ते आधी द्या, मग मुकुटाचे पाहू.