पाऊण तासाचा अल्बम, सव्वाशे पानांची कादंबरी

आवडते अल्बम कुठले, आवडत्या कादंबऱ्या कुठल्या, असं विचारलं की लोक एकदम गंभीर होतात आणि जाडजूड नावं सांगतात. माझी यादी बारीक आहे. म्हणजे अक्षरशः बारीक. त्यातले अल्बम पाऊण तासात संपतात आणि कादंबऱ्या एका रविवारात. हा योगायोग नाही असं मला हल्ली ठामपणे वाटायला लागलंय.

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. साल १९५९. पाच तुकडे, साधारण ४५ मिनिटं, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत फक्त दोन दिवसांत रेकॉर्ड झालेले: २ मार्च आणि २२ एप्रिल. आपल्याकडे जॅझ म्हटलं की बऱ्याच जणांना धडकी भरते, आणि ते चूक नाही. त्याआधीच्या दशकातलं बीबॉप म्हणजे भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्सची कसरत. माइल्सने इथे ती कसरतच काढून टाकली. 'सो व्हॉट'चं आवर्तन ३२ बारचं. पहिले १६ बार एकच स्वरसमूह, मग ८ बार तोच स्वरसमूह अर्धा स्वर वर, मग ८ बार पुन्हा खाली. संपलं! आणि तो स्वरसमूह म्हणजे डोरियन मोड, आपला काफी थाट. ख्याल ऐकून वाढलेल्या कानाला त्यात शिरायला पाच मिनिटं पुरतात. (हा राग नव्हे, हे मान्य. मधेच षड्ज उचलून अर्धा स्वर वर ठेवला तर आपले बुवा तंबोरा घेऊन उठून जातील :) )

गंमत म्हणजे वाजवणाऱ्यांना हे आराखडे ऐन वेळी हातात मिळाले. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, बिल इव्हान्स अशी माणसं आणि हातात चार ओळी. बैठकीला बसल्यासारखंच की. माइल्सच्या ट्रम्पेटमध्ये स्वरांपेक्षा जागा जास्त आहेत, आणि ऐकायच्या त्या जागाच.

आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक किस्सा. २ मार्चला रेकॉर्डिंगचं मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे एलपीची पहिली बाजू मूळ वाजवण्यापेक्षा थोडी जलद आणि वरच्या स्वरात वाजायची. रेकॉर्डबरोबर वाजवून शिकणाऱ्यांचं वाद्य जुळेना. हे दुरुस्त झालं १९९२ साली. प्रॉडक्शनमध्ये तेहतीस वर्षं बग, आणि तरी जग त्या अल्बमच्या प्रेमात!

आता मराठीकडे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ साली आलेली. शंभर-सव्वाशे पानं. युरोपातून निघालेली एक बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि त्यांत हेर्टा. मायदेशी परतणारा चक्रधर आधीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला, बायकांवरचा विश्वास उडालेला. प्रेम जुळतं, पण मुंबई आली की तो उतरणार आणि ती पुढे शांघायला जाणार. शांघाय का? तर त्या काळात व्हिसाशिवाय ज्यूंना आत घेणारं जगात जवळजवळ तेवढंच एक ठिकाण उरलं होतं. हे बेडेकर समजावत बसत नाहीत. नाझींवर व्याख्यान नाही, आगामी युद्धावर चिंतन नाही. रणांगण आहे ते डेकवरच्या माणसांच्या बोलण्यात, संशयात, आणि मोजून उरलेल्या दिवसांत. पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचा. हीच कादंबरी सहाशे पानांची असती तर चक्रधरची वंशावळ आली असती, बोटीच्या कप्तानाचं बालपण आलं असतं, आणि हेर्टा कुठेतरी चारशेव्या पानाखाली गुदमरली असती.

हे मी चेष्टेने म्हणत नाहीये. माझ्या वयाच्या कितीतरी इंजिनिअर मित्रांचं मराठी वाचन दहावीनंतर सुटलं. विचारलं तर बहुतेकांची कथा एकच: कुणीतरी वाढदिवसाला, बक्षीस म्हणून, विटेएवढी ऐतिहासिक कादंबरी दिली, तिच्या पहिल्या पन्नास पानांतल्या विशेषणांनीच जीव घेतला, आणि 'मराठी आपल्याला झेपत नाही' असा समज झाला तो कायमचा. त्यांच्या हातात कुणी माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ठेवली असती तर? धनगरांच्या वस्तीवर गेलेला पोरसवदा मास्तर, साधी वाक्यं, शेवटी दुष्काळ. दोन संध्याकाळी पुरे. मी आजवर भेट दिलेल्या प्रतींपैकी निम्म्या तरी वाचल्या गेल्यात, आणि हा स्ट्राइक रेट वाईट नाही.

'थोडक्यात म्हणजे हलकंफुलकं' असं मानणाऱ्यांनी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२) ऐकावा. घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेली ही नुसती कच्ची आवृत्ती होती. मग स्टुडिओत अख्खा बँड घेऊन तीच गाणी करून पाहिली, आणि शेवटी बाहेर आली ती कॅसेटच. बँडबरोबरची ती रेकॉर्डिंग्ज २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एकदाची प्रसिद्ध झाली. ऐकली. चांगली आहेत. पण कॅसेटवर जो एकटा माणूस रात्री बोलतोय असं वाटतं, तो ड्रम सुरू झाले की उठून जातो.

कुमार गंधर्वांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच. क्षयाने पाचेक वर्षं गाणं बंद पडलं, एक फुप्फुस निकामी झालं, म्हणून ते छोट्या छोट्या तुकड्यांत गायचे असं सरसकट सांगतात. हे अर्धंच खरं असावं. एका फुप्फुसाने कुणी रडतखडत जुनंच गाणं पुढे ओढलं असतं. यांनी श्वास जिथे संपतो तिथेच सम आणून ठेवली, आणि ती शांतता गाण्यात घेतली.

आता 'वॉर अँड पीस'चं काय, असं कुणीतरी विचारणारच. ती मी दोनदा वाचलीय आणि तिचं एकही पान कमी करू नये असं माझं मत आहे. हां, शेवटचा तो इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरचा उपसंहार सोडून. तो दोन्ही वेळा उड्या मारत वाचला.