पहिल्या शिफ्टच्या आधी

माझी भाची डिप्लोमा संपवून चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून रुजू होते आहे. तिला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे, जेवणाआधी आणि रात्री इन्सुलिन लागतं. घरातली मोठी माणसं तिला बजावताहेत, "तिथं कुणाला सांगू नकोस." मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

त्यामागची भीती मला कळते. पुढं कायम करणार नाहीत, उद्या स्थळ आलं की चर्चा होईल. पण वसीम अक्रमला १९९७ मध्ये हाच आजार निघाला आणि १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत संघ नेला तो त्यानंच. हे घरच्यांना मी सांगेन.

तिनं आधी डॉक्टरांना गाठावं. कॉलेजात दिवसभर बसून असायची, आता आठ तास उभ्यानं काम. स्नायू साखर जास्त ओढतात आणि हा परिणाम घरी आल्यावरही कित्येक तास राहतो. कालपर्यंत बरोबर बसणारा डोस आता जास्त होऊन साखर रात्री झोपेतही उतरू शकते. शिफ्टच्या वेळा कागदावर लिहून न्याव्यात, रात्रपाळीचं गणित वेगळं मांडून घ्यावं.

खरी अडचण लाइनवरची. मोबाइल लॉकरमध्ये, खाण्याला मनाई. मग ग्लुकोजची पुडी खिशात ठेवायला परवानगी लागणार, आणि आजार लपवून ती मागणार कशी? साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, माणूस उगाच चिडतो. शेडच्या उकाड्यात घाम सगळ्यांनाच येतो. ज्याला काही ठाऊक नाही तो सुपरवायझर म्हणेल, पोरीची झोप झालेली नाही. अशा वेळी मशीनपासून लगेच बाजूला व्हायचं, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. साखर वर आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, टार्गेट कितीही राहिलेलं असो.

कॅन्टीनची रांग लांब असते. जेवणाआधीचं इन्सुलिन साधारण १५ मिनिटांत काम सुरू करतं, म्हणून ताट समोर येईपर्यंत पेन बाहेर काढू नये. आणि ते पेन पत्र्याखालच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको. उन्हाळ्यात तिथं इन्सुलिन खराब होतं.

सुपरवायझरइतकंच शेजारी उभं राहणाऱ्या मुलीला सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आधी लक्षात येईल ते तिच्या. शुद्धीवर असेल तोवर ग्लुकोज पाजायचं. बेशुद्ध पडली तर मात्र तोंडात साखरपाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आपल्याकडे घाईघाईनं नेमकं तेच करतात. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन लावायचा आणि इन्सुलिन चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.