"आहे ना, देतो!" : एका नसलेल्या औषधाचा इतिहास

१/ समाजमाध्यमांवर एक भांडण दर काही महिन्यांनी पेटते. एक बाजू म्हणते, अरबांचे सारे वैद्यक ही चरक-सुश्रुतांची उचलेगिरी. दुसरी म्हणते, औषधशास्त्र जगाला अरबांनीच दिले. परळी वैजनाथ या, वैद्यांच्या नाथाच्या गावात वाढलेली इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे भांडण निष्फळ वाटते. का, ते या धाग्यात सविस्तर मांडते.

२/ प्रथम पहिल्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये बर्मकी घराण्याच्या आश्रयाने मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहितेचे भाषांतर केले, अशी नोंद इब्न नदीमच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत आहे. थोर वैद्य राझी (मृत्यू इ. स. ९२५च्या सुमारास) आपल्या लेखनात चरकाचे नाव घेऊन उतारे देतो. नाव घेऊन उतारा देणाऱ्याला चोर म्हणत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या.

३/ आणखी एक गंमत. अरबी भाषेत औषधाच्या दुकानाला 'सैदलिया' म्हणतात. दुबईत किंवा रियाधमध्ये असलेले आपले मराठी बांधव ही पाटी रोज पाहतात. हा शब्द आला कोठून? अल्-बिरूनीने उतारवयात औषधिद्रव्यांवर 'किताब अस्-सैदना' हा ग्रंथ लिहिला. त्यात तो या शब्दाचे मूळ आपल्या 'चंदन' शब्दाशी नेऊन भिडवतो. औषधविक्रेता म्हणजे मुळात चंदन विकणारा!

४/ "बघा, सगळे आपलेच!" असे म्हणून येथे धागा मिटवू नका. शब्दांचा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. जुलाब, मलम, अर्क, मुरंबा, इलाज, तब्येत हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. मराठवाड्यातील 'अत्तार' हे आडनाव घ्या. अरबीत अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्ये आणि त्यांबरोबर औषधी जिन्नसही विकणारा.

५/ आम्हा परळीकरांना 'मूळ कोणते' हा वाद नवा नाही. वैद्यनाथ ज्योतिर्लिंग परळीचे की झारखंडातील देवघरचे, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. तो सुटलेला नाही, आणि त्यावाचून कोणाची भक्तीही अडलेली नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या 'मूळ कोणाचे' प्रश्नाने एका मोलाच्या प्रश्नाला झाकून टाकले आहे: औषध विकणाऱ्याला तपासायचे कोणी आणि कसे?

६/ आता मूळ कथेकडे वळू. ती तेराव्या शतकातील इब्न अबी उसैबिया या वैद्य-चरित्रकाराने दिली आहे. खलिफा मामून (राजवट इ. स. ८१३-८३३) याच्या दरबारात यूसुफ नावाचा एक किमयागार येत असे. तो खलिफाला म्हणाला, किमयेचा घात औषधविक्रेते करतात. त्यांच्याकडे काहीही मागा. असो वा नसो, ते 'आहे' म्हणतात आणि हाताला लागेल ते देतात.

७/ खलिफाने हे पडताळून पाहायचे ठरवले. औषध म्हणून त्याने 'सकतीथा' हे नाव सुचवले. प्रत्यक्षात ते बगदादजवळच्या एका जमीनजुमल्याचे नाव होते. माणसे बाजारात गेली. प्रत्येक दुकानदार म्हणाला, आहे ना, देतो! पैसे घेतले आणि वस्तू दिली. माणसे परतली तेव्हा कोणाच्या हाती बिया होत्या, कोणाच्या हाती दगडाचा तुकडा, तर कोणाच्या हाती केस.

८/ ही हकिकत पुढे सेनापती अफशीनच्या कानी गेली. तो तेव्हा बाबक या बंडखोराविरुद्ध मोहिमेवर होता (इ. स. ८३५-८३७). त्याने आपल्या मुलुखाच्या दप्तरातून सुमारे वीस नावे काढली आणि ती औषधांची नावे म्हणून छावणीतील विक्रेत्यांकडे पाठवली. काहींनी 'हे आम्हांला ठाऊक नाही' असे सांगितले. काहींनी पैसे घेऊन काहीबाही दिले. 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्यांना छावणीत राहण्याचा परवाना मिळाला. उरलेल्यांची हकालपट्टी झाली.

९/ इतिहासाची शिस्त पाळायची तर हेही सांगितले पाहिजे की उसैबिया या घटनेनंतर चारशे वर्षांनी लिहितो आहे. तपशिलात दंतकथेची भर पडली असेल. तरीही त्या समाजाला ही परीक्षा सुचली आणि जतन करावीशी वाटली, एवढे निर्विवाद आहे. पुढे बाराव्या शतकात शैझरीने बाजार-निरीक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत अफू, केशर, कस्तुरी यांतील भेसळ कशी ओळखावी, याच्या सूचना आहेत.

१०/ "आमच्याकडे कौटिल्य होता!" होय, होता. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात धान्य, तेल, मीठ, सुगंध आणि औषधे यांत तसाच दिसणारा जिन्नस मिसळणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. तो अभिमानाने सांगावा असाच आहे. मात्र दंड सांगणे आणि किती जण गुन्हा करतात हे मोजून पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कायदा म्हणतात, दुसरीला संशोधन.

११/ अफशीनची युक्ती आज जगभर शास्त्रीय पद्धती म्हणून वापरली जाते. संशोधक खोटा रुग्ण बनून दुकानात जातो, ठरलेली तक्रार सांगतो आणि काय मिळाले ते नोंदवतो. रियाध शहरात अशीच पाहणी झाली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनशेहून अधिक दुकानांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुकानांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके दिली. अरबांनी स्वतःचे हे उणे स्वतः मोजले आणि जगापुढे ठेवले. २०१८ मध्ये सौदी सरकारने चिठ्ठीच्या नियमाची अंमलबजावणी कडक केली.

१२/ आपल्याकडे अशी पाहणी होतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबई, दिल्ली आणि पाटणा येथील औषध-दुकानांत क्षयरोगाचे खोटे रुग्ण पाठवून केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविके अनेक दुकानांनी दिली, पण क्षयरोगाची मुख्य औषधे एकानेही परस्पर दिली नाहीत. म्हणजे परीक्षेत केवळ लबाड उघडे पडत नाहीत, प्रामाणिकांनाही त्यांचा परवाना मिळतो.

१३/ परीक्षा न घेण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६. मुंबईचे जे. जे. रुग्णालय. औषध म्हणून ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. त्याची मारकता १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळींनिशी सिद्ध झाली होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सडलेली साखळी उघड केली. नाव एक, आत भलतेच. सकतीथाची कथा बगदादेत विनोद होती. येथे तिने चौदा जीव घेतले.

१४/ आता घरचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना रक्तदाबाची गोळी हवी होती. दुकानदार म्हणाला, "तेच आहे हे काका, फक्त कंपनी वेगळी." महिनाभर बाबांनी ती श्रद्धेने घेतली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पाकीट पाहिले, तेव्हा कळले की कंपनीच नव्हे, औषधच वेगळे होते. सुदैवाने निभावले. दुकानाचे नाव मी सांगणार नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. 'माझ्याकडे नाही' हे म्हणायला लागणाऱ्या धैर्याचा आहे.

१५/ कायदे आपल्याकडे भरपूर आहेत. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यायचे आहे. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र वही ठेवणे बंधनकारक आहे. प्रश्न हा की परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई येथे हे किती पाळले जाते, याचा आकडा तुम्ही-आम्ही कोणाला विचारायचा?

१६/ म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात अशी पाहणी करावी. त्यांना नियमावली, मार्गदर्शक आणि नीतिसमितीची मान्यता महाविद्यालयांनी मिळवून द्यावी. दुकानांची नावे गुप्त ठेवावीत, आकडे जाहीर करावेत. निष्कर्ष चांगले आले तर दुकानदारांचा गौरव होईल. वाईट आले तर निदान खड्डा कोठे आहे ते कळेल.

१७/ आणि आपण, इतिहासप्रेमींनी? 'प्रथम कोणी' या एकाच प्रश्नावर इतिहास खर्च करणे थांबवावे. आख्यायिका सांगते की समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी परळीच्या लिंगात सामावले. लाखो लोक आरोग्य मागायला त्या गाभाऱ्यात हात टेकतात. दर्शन घेऊन बाहेर पडल्यावर, बाजारात त्यांच्या हाती पडणारी गोळी खरी आहे ना, हे पाहणे देवाचे काम नाही. ते आपले आहे.

१८/ पुढच्या वेळी औषध घेताना चिठ्ठीवरील आणि पाकिटावरील औषधाचे नाव जुळवून पाहा, पावती मागा. आणि एखादा दुकानदार "हे माझ्याकडे नाही, दुसरीकडे बघा" म्हणाला, तर त्याच्यावर रुसू नका. अफशीनने छावणीत ठेवून घेतला असता, तो हाच माणूस. धागा समाप्त.