सायकलीसोबत हेल्मेटही द्या

रोवणीचे दिवस होते. चिखलणी आटोपून ट्रॅक्टर बांधीतून बाहेर पडला की चाकांचा चिखल डांबरी रस्त्यावर सांडत जातो आणि पावसाची एक सर आली की साबणासारखा निसरडा होतो. भंडारा जिल्ह्याच्या लाखनी तालुक्यातल्या अशाच एका रस्त्यावर माझ्या डोळ्यांदेखत शाळेत निघालेल्या मुलीची सायकल घसरली. पोरीचं डोकं कडेच्या मऊ चिखलात आदळलं. डांबर तिथून जेमतेम वीतभर लांब होतं. रोवणी टाकून बाया धावत आल्या. एकीनं आधी हेच विचारलं, "डोक्याले तं नाही ना लागलं, माय?"

मोडलेला हात जुळतो, फुटलेल्या गुडघ्यावर खपली धरते. डोक्याचं तसं नाही. त्या बाईला ते ठाऊक होतं. आपण मात्र पोरीला सायकल घेऊन देताना घंटी पाहतो, कॅरिअर पाहतो, डोक्याचा विचार करत नाही.

"हळू तर चालवते, काय होणार?" असं पालक म्हणतात. सायकलवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. उभ्या सायकलवरून तोल जाऊन ते तेवढ्या उंचीवरून आदळलं, तरी आदळताना वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. घोडेस्वाराचं डोकं अडीच मीटरवर. तिथे हाच वेग २५ होतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा टणक थर स्वतः चेपतो आणि तो धक्का पोटात घेतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं.

जगातले कसलेले स्वारही हे उशिरा शिकले. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस सायकल शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच वर्षी व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. घोडेस्वारीत ड्रेसाज प्रकारातले नामांकित स्वार उंच रेशमी टोपी मिरवत; आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ पासून तिथेही हेल्मेटच बंधनकारक केलं. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली, तीही हेल्मेट घालूनच.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट घालायला सांगतं. सायकल त्यात येत नाही. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. या सायकलींनी कितीतरी मुलींची शाळा टिकवली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपल्या जिल्ह्यात भंडारा, लाखनी, साकोली ओलांडत राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. त्यावरच्या ट्रकांशेजारून पोरी उघड्या डोक्यानं जातात.

हेल्मेट म्हणजे अभय नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी हेल्मेट घालून सायकल चालवत होते. मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेनं त्यांचा जीव घेतला. तेव्हा वाहनचालकांनो, सायकल दिसली की वेग कमी करा, अंतर ठेवा. पण घसरून, अडखळून, आडव्या आलेल्या शेळीला चुकवताना होणाऱ्या पडण्यात हेल्मेट डोकं वाचवू शकतं.

म्हणून शासनाकडे मागणी एकच : सायकलीच्या रकमेत हेल्मेटचे पैसे वेगळे जोडा. आणि आईबाबांनो, तोवर थांबू नका. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसू द्या, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जाईल इतकं आवळा. माथेरानला लेकराला घोड्यावर बसवतानाही आधी हेल्मेट मागा. नसेल तर बसवू नका. पोरीचं दप्तर रोज तपासता, तसाच तिच्या हनुवटीखालचा पट्टाही रोज आपल्या हातानं लावून द्या.