चॅनेल गेले म्हणून डबा टाकू नका



गेल्या १ एप्रिलची गोष्ट. सकाळची कामे आटोपून आमच्या सासूबाईंनी टी.व्ही. लावला, तर त्यांचा नेहमीचा चॅनेल गायब! पुढचा लावला, तोही काळा. सासूबाई म्हणाल्या, ‘‘काय गं, पैसे भरायचे राहिले का?’’ आमच्या घरी दूरदर्शनची फुकटची छत्री. तिला महिन्याचे पैसे मुळी नाहीतच, मग राहतील कसे?

डिशवाल्याला बोलावले. त्याने उभ्या उभ्या दोन बटणे दाबली आणि सांगितले, ‘‘वहिनी, डबा गेला. नवा घ्यावा लागेल.’’ त्याने सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही गप्पच झालो. दिवसभराच्या मजुरीत ती बसणारी नव्हती. विचार करून सांगतो म्हणून त्याला वाटेला लावले. इतक्यात शेजारची नववीतली मुलगी आली. ‘‘काकू, रिमोट द्या बघू,’’ म्हणाली. सात-आठ मिनिटांत बहुतेक चॅनेल जागेवर! डबा धडधाकट होता. खोट होती ती आमच्या न शिकण्यात.

ही गोष्ट घरोघर घडते, म्हणून आज तीच सांगतो.

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तेव्हा ३३ चॅनेल होते. आज ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की दरमहा काही भरावे लागत नाही. जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचावरच्या उपग्रहाकडून चॅनेल येतात. आपल्या महाराष्ट्रातून पाहिले तर तो आग्नेयेकडे आहे, म्हणून सगळ्या वस्तीतल्या या छत्र्यांची तोंडे एकाच बाजूला दिसतात.

मग १ एप्रिललाच चॅनेल का जातात? खाजगी चॅनेलांना या सेवेत जागा हवी तर ती लिलावात घ्यावी लागते. हा लिलाव प्रसार भारती करते आणि जागेचे वर्ष साधारणपणे १ एप्रिलला सुरू होते. त्या दिवशी कुणी बाहेर पडतो, कुणी नवा येतो, कुणाची जागा बदलते. आपला डबा मात्र जुनीच यादी धरून बसतो. भाडेकरूने खोली बदलली आणि पोस्टमन जुन्याच दारावर थाप मारत राहिला, तसे हे आहे. स्कॅन करणे म्हणजे डब्याला सांगणे, ‘‘बाबा, सगळी दारे पुन्हा एकदा फिरून ये आणि आज कोण कुठे राहतो ते लिहून घे.’’

कृती सोपी आहे. रिमोटवरचे ‘मेनू’ बटण दाबावे. ‘इन्स्टॉलेशन’ किंवा ‘चॅनेल सर्च’ असे काही लिहिलेले दिसेल. आकडा विचारला तर बहुतेक डब्यांत चार शून्ये चालतात. तिथे सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. त्यातली ‘क्वालिटी’ची पट्टी महत्त्वाची. ती शून्यावर असेल तर स्कॅन करून उपयोग नाही. आधी छत्री हलली आहे का, वायर सुटली आहे का, ते बघावे. पट्टी भरलेली असेल तर ‘ऑटो स्कॅन’ दाबून शांत बसावे. मधेच बंद करू नये. संपल्यावर ‘सेव्ह’ विचारले तर ‘येस’ करावे.

एक चूक आमच्या हातून घडली, ती तुमच्या हातून घडू नये. जुलैच्या मुसळधार पावसात चित्र तुटू लागले, म्हणून आम्ही मोठ्या ऐटीत स्कॅन केला. जोराच्या पावसात सिग्नल क्षीण होतो. डब्याला काहीच सापडले नाही आणि जुनी यादी मात्र पुसली गेली! सासूबाई दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. तेव्हा पाऊस उघडण्याची वाट पाहावी. बहुधा चित्र आपोआप परत येते.

स्कॅनने सगळे परत येते असेही नाही. १ एप्रिल २०२२ पासून काही मोठे हिंदी करमणुकीचे चॅनेल या सेवेतून बाहेर पडले. जे सेवेतच नाही, ते कितीही स्कॅन केला तरी मिळणार नाही. आणि कुणी ‘पैसे द्या, आणून देतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करावा. मात्र एक खरे आहे. काही चॅनेल नव्या पद्धतीने पाठवले जातात आणि फार जुन्या डब्याला ते कळत नाहीत. तेवढ्यासाठी नवा डबा घ्यायचा की नाही, ते घरात बसून ठरवावे, दारात उभ्या माणसाच्या सांगण्यावरून नव्हे.

हे सगळे केवळ मालिकांसाठी सांगत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा पहिली ते बारावीच्या प्रत्येक वर्गासाठी एक, असे शिक्षणाचे १२ चॅनेल सरकारने जाहीर केले. घरात मोबाईल एक आणि मुले तीन, अशा घरांना त्यांचा आधार व्हावा ही कल्पना होती. पण ज्या डब्यात नवी यादीच भरली नाही, त्यावर ते दिसणार कसे? आमच्याच घरी त्या वर्षी कुणी स्कॅन केला नाही. मुलाचा वर्ग डोक्यावरच्या आकाशातून येत होता आणि मुलगा उंबऱ्यावर बसून शेजाऱ्याच्या मोबाईलची वाट पाहत होता. ही चुटपुट आजही जात नाही.

म्हणून भगिनींनो, रिमोट केवळ आवाज कमी-जास्त करण्यासाठी हातात घेऊ नका. एखाद्या रविवारी, ऊन असताना, मुलांना जवळ बसवून घरातल्या प्रत्येकाने एकदा स्कॅन करून पाहावा. एका वहीत कुठला चॅनेल कुठल्या आकड्यावर आहे ते लिहून भिंतीला लावावे. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या अक्षरात लिहून द्यावे.

आमच्याकडे आता हे काम सासूबाई करतात. परवा समोरच्या घरातून हाक आली, ‘‘आजी, आमचे चॅनेल गेले हो!’’ सासूबाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि निघाल्या. जाताना आम्हाला बजावून गेल्या, ‘‘पाऊस नाही ना गं बाहेर?’’